एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायची तर जोडी अशी लावा

गावात खुडूक कोंबडीखाली पिल्ले निघाली की तलंगा किती, कोंबडे किती हे कळायला महिना-दोन महिने जातात. जोडी विचारपूर्वक लावली तर पहिल्याच दिवशी कळतं.

काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची मादी घ्या, प्लायमाउथ रॉकसारखी. नर बिनपट्ट्यांचा, काळा किंवा ऱ्होड आयलंड रेडसारखा लाल. पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. नराकडे दोन झेड, मादीकडे एकच, आणि तो ती फक्त मुलग्यांना देते. म्हणून पट्टे सगळे नरांकडे जातात, माद्या बिनपट्ट्यांच्या निघतात.

पिल्लू वाळलं की हातात धरून उजेडात डोकं बघा. काळ्या लवेवर टाळूला पांढरा ठिपका असेल तर नर, नसेल तर तलंग. ठिपका कधी नखाएवढा, कधी नुसता चारदोन केसांचा, त्यामुळे घाई नको.

जोडी उलट लावाल, म्हणजे अस्सल पट्टेरी नर आणि काळी मादी, तर सगळीच पिल्ले पट्टेरी होतील आणि ओळख पटणार नाही. पांढऱ्या कोंबड्या तर यात घेऊच नका. पांढरा रंग खालचं सगळं झाकतो.

आपल्या विदर्भात कोंबड्या गावभर मोकळ्या फिरतात, खरी अडचण तिथेच आहे. शेजारच्या कोंबड्याचं बीज मादीच्या पोटात दोन आठवडे तरी टिकतं. म्हणून मादी तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवा, मग ठरवलेला नर सोडा. यातून निघालेला पट्टेरी नर पुढच्या जोडीला वापरू नका, त्याच्या पिल्लांत ठिपक्यावर भरवसा उरत नाही.