ऊस-ट्रॉलीच्या वेल्डिंगआधी: गॅस सिलिंडर कसे हाताळावेत

दसरा जवळ आला की बेळगावकडच्या खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातल्या वेल्डिंगच्या शेडपुढे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागते. गाळप हंगामाआधी प्रत्येकाला आपली ट्रॉली हवी असते आणि त्या घाईत सिलिंडरकडे कोणी नीट पाहत नाही. म्हणून काम हातात घेण्यापूर्वी मालकाने आणि कारागिराने पुढील गोष्टी समजून घ्याव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आधी सिलिंडर ओळखावा. आपल्याकडे ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलीनचा मरून म्हणजे गडद तांबडा आणि आर्गॉनचा निळा असतो. परंतु रंग उडतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय जोडणी करू नये. एकाच शेडमध्ये एक मदतनीस मराठी, तर दुसरा कन्नड बोलणारा असतो आणि लेबल मात्र इंग्रजीत असते, तेव्हा जागेवर दोन्ही भाषांत ठळक पाटी लावावी. ॲसिटिलीनसारख्या ज्वलनशील गॅसचे आटे उलटे असतात व त्याच्या नटावर खाचा असतात. नट बसत नसेल तर जोर लावू नये, कारण बहुधा चुकीचा भाग हातात असतो.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या जवळपास ७० पट दाब असतो. व्हॉल्व्ह एकदम उघडला की रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी करणाऱ्या भागात, गॅस दाबला जाऊन क्षणात तापतो, आणि तिथे ग्रीसचा थेंब असला तर तो ठिणगीशिवाय पेट घेतो. ट्रॉलीचे बेअरिंग काढलेला हात चिंधीला पुसून तसाच रेग्युलेटरला लावणारे कारागीर मी पाहिले आहेत. हात साबणाने धुवावेत, आट्यांना तेल कधीही लावू नये. जोडणीपूर्वी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून धूळ उडवावी, रेग्युलेटरचा स्क्रू सैल ठेवावा आणि दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर न थांबता बाजूला उभे राहून व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. संध्याकाळी अंगावरची धूळ ऑक्सिजनच्या नळीने झटकण्याची सवय तर पूर्णपणे बंद व्हायला हवी, कारण ऑक्सिजन मुरलेला सुती शर्ट एका ठिणगीने भडकतो आणि विझवणे जवळजवळ अशक्य होते.

ॲसिटिलीनचा स्वभाव वेगळा आहे. मोकळ्या अवस्थेत दाबला तर तो हवेशिवायही फुटू शकतो, म्हणून सिलिंडरमधील सच्छिद्र भरणात शोषलेल्या ॲसिटोन या द्रवात तो विरघळवून ठेवतात. रेग्युलेटरचा काटा दर चौरस सेंटीमीटरला १ किलोच्या पुढे नेऊ नये. सिलिंडर उभाच वापरावा. वाहतुकीत आडवा झाला असेल तर निदान एक तास उभा ठेवावा, नाहीतर ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर येतो. नळी तुटली म्हणून मध्ये तांब्याचा तुकडा घालून जोडू नये, कारण तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे शिरणारी ज्योत अडवणारा भाग, असावा. त्याचा खर्च वाचवणे मला मान्य नाही. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडीने कधीच नव्हे.

पेटवताना आधी ॲसिटिलीन थोडे सोडून लायटरने पेटवावे, मग ऑक्सिजन द्यावा. बंद करताना ॲसिटिलीन आधी, ऑक्सिजन नंतर. मात्र टॉर्चच्या आत शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत मागे शिरली, तर ऑक्सिजनची चावी आधी बंद करावी, लगेच ॲसिटिलीनची, आणि मग दोन्ही सिलिंडरचे व्हॉल्व्ह.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. स्टीलच्या दुधाच्या टाकीत किंवा खड्ड्यात उतरून टिग वेल्डिंग (आर्गॉनच्या आवरणात होणारे विजेचे वेल्डिंग) करताना तो तळाशी साचतो, माणसाला घुसमट जाणवत नाही आणि काही श्वासांतच शुद्ध जाते. आत हवा खेळती ठेवावी, बाहेर एक माणूस उभा ठेवावा, आणि ऑक्सिजन मोजल्यावर प्रमाण १९.५ टक्क्यांहून कमी आढळल्यास उतरू नये. आतला माणूस कोसळला म्हणून श्वसनसंच न लावता मागोमाग उडी घेणारा दुसराही तिथेच पडतो.

साठवण साधी आहे. सिलिंडर साखळीने बांधावेत, व्हॉल्व्हवर टोपी लावूनच हलवावेत, आणि ऑक्सिजन व ज्वलनशील गॅस एकमेकांपासून ६ मीटर दूर ठेवावेत. खानापूरकडच्या पावसात ओल्या मातीवर तळ गंजतो, म्हणून खाली फळी असावी.

ॲसिटिलीनचा सिलिंडर आपोआप तापू लागला, तर हाताला चटका बसेपर्यंत वाट पाहू नये. व्हॉल्व्ह शक्य असेल तरच बंद करावा, सर्वांनी मात्र शेड सोडावी, ११२ ला फोन करावा, आडोशाला राहून दुरून पाण्याचा मारा करावा आणि अग्निशमन दलाला आत कोणत्या गॅसचे किती सिलिंडर कुठे उभे आहेत, ते पहिल्या वाक्यात सांगावे.