फ्रीबीएसडीसाठी मशीन निवडताना: रॅम नंतर, आधी चिप

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर, नेटवर्क आणि सीएनसीला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्रॅम पाठवायची व्यवस्था बघणं हे माझं काम. बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या कोपऱ्यात मी फ्रीबीएसडीचा (विंडोज-लिनक्ससारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टीम) एक डबा बसवलेला आहे. ड्रॉइंग, प्रोग्रॅम, अकाउंटचा बॅकअप, सगळं त्याच्यावर. तो बघून शेजारच्या युनिटवाले विचारतात, "आमच्याकडे जुना पीसी पडलाय, चालेल का? रॅम किती लागेल?"

रॅमचं उत्तर सोपं आहे. बर्कलीच्या युनिक्सच्या वंशातली ही सिस्टीम १९९३ पासून चालू आहे आणि खायला तिला फार लागत नाही. तिच्या हँडबुकप्रमाणे इन्स्टॉल व्हायला किमान ९६ एमबी रॅम आणि दीड जीबी डिस्क पुरते. अर्थात हा आकडा एखाद्या छोट्या एम्बेडेड डब्यासाठी. रोजच्या वापराच्या मशीनला २ ते ४ जीबी रॅम आणि निदान ८ जीबी डिस्कपासून सुरुवात करा, असं तेच हँडबुक सांगतं. आज भंगाराच्या भावात मिळणारं मशीनही एवढं देतं. अडतं ते दुसरीकडेच: लॅनची चिप कोणाची, वायफाय कोणाचं, डिस्क बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) कुठल्या मोडला लावली आहे. त्यामुळे "आय-थ्री की आय-फाइव्ह" हे विचारण्याआधी चिपची नावं बघायची.

प्रोसेसर ६४ बिटचा पाहिजे, यात तडजोड नाही. ३२ बिटच्या पीसीवर इन्स्टॉल होणारी शेवटची शाखा, म्हणजे मुख्य आवृत्ती, १४; आवृत्ती १५ मध्ये तो दरवाजा बंद झाला. कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा कुठलाही डेस्कटॉप चालतो. फसवतात ते जुने छोटे नेटबुक. अ‍ॅटम एन२७० हा प्रोसेसर फक्त ३२ बिटचा आहे. असं काही घरात पडलं असेल तर नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी या तिच्या भावंड सिस्टीम टाका, दोघांकडे त्याच्यासाठी अजून जागा आहे. रास्पबेरी पायची ३ आणि ४ ही मॉडेल्स चालतात, तयार इमेज मिळते, पण त्यांच्यावरचं वायफाय धरून चालू नका, केबल लावा.

पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा

पूर्वी सुट्या भागासाठी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागायचा. आता एम. जी. रोडवर फिरलात तरी कंपन्यांनी काढून टाकलेले चांगले डेस्कटॉप दिसतात. घेण्यापूर्वी तिथेच, काउंटरवर तपासायचे. दुकानदार नाही म्हणत असेल तर पुढच्या दुकानात जा.

घरून निघण्याआधी फ्रीबीएसडीची मेमस्टिक नावाची इमेज उतरवून पेन ड्राइव्हवर लिहून घ्या. त्यासाठी विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर हे प्रोग्रॅम, लिनक्सवर डीडी ही कमांड. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, इमेज म्हणूनच लिहायची. दुकानात गेल्यावर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर ड्राइव्ह उठणारच नाही. इन्स्टॉलर सुरू झाला की पहिल्याच पडद्यावर तीन पर्याय येतात: इन्स्टॉल, शेल आणि लाइव्ह सिस्टीम. लाइव्ह सिस्टीम (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी) निवडा, रूट या मुख्य युजरच्या नावाने आत शिरा; पासवर्ड नसतो. डिस्कवर काही लिहिलं जात नाही, तेव्हा दुकानदाराला तसं सांगून मोकळे व्हा.

आता एकच कमांड: पीसीआयकॉन्फ, मग स्पेस, मग डॅश लावून एल आणि व्ही. मदरबोर्डवरचं प्रत्येक उपकरण ती ओळीने दाखवते. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं (चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव, खाली कंपनी आणि चिप. एका जुन्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० वर मला दिसलं ते असं: सुरुवातीला "ईएम०", खाली इंटेल कॉर्पोरेशन, त्याखाली ८२५७९एलएम गिगाबिट. ईएम हा इंटेलच्या लॅनचा ड्रायव्हर, आणि शून्य म्हणजे पहिलं कार्ड. एवढं दिसलं की निम्मं काम झालं. सुरुवातीला "नन" आणि आकडा दिसला तर त्या चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही.

प्रत्येक ननला घाबरू नका. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन आणि एसएमबस कंट्रोलर हे बहुतेक मशीनवर ननच दाखवतात आणि त्यावाचून काही अडत नाही. खाली क्लास लिहिलेला असतो तो वाचा. नेटवर्क किंवा मास स्टोअरेज (डिस्कचा कंट्रोलर) असं असून नन असेल, तर मात्र विचार करा. उलटी फसवणूक ग्राफिक्सची. तिथे व्हीजीएपीसीआय असं नाव नेहमीच लागलेलं दिसतं, म्हणजे ड्रायव्हर आहे असा त्याचा अर्थ नाही. त्याचं पुढे सांगतो.

लॅनमध्ये माझी पसंती इंटेल: ईएम किंवा आयजीबी. रिअलटेकची चिप आरई नावाने लागते आणि साध्या ऑफिसला चालते, पण काही बोर्डांवर जड फाइली फिरायला लागल्या की लिंक पडते. तसं झालं तर पॅकेजमधून रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर घालता येतो. फाइल सर्व्हरच करायचा असेल तर मी त्या भानगडीत पडत नाही, जुनं इंटेलचं कार्ड स्लॉटमध्ये खोचतो.

डिस्क दिसत नसेल तर घाई करून मशीन नाकारू नका. बायोसमध्ये कधी कधी साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड रेड असा असतो, तो एएचसीआय करा आणि पुन्हा बूट करा. साटाची डिस्क एडीए० म्हणून येते, तुमचा पेन ड्राइव्ह डीए० म्हणून. ही दोन नावं इन्स्टॉलच्या वेळी नीट वाचा. आणि २०१२ च्या आसपासच्या डेस्कटॉपला एनव्हीएमई (नव्या प्रकारची वेगवान एसएसडी) लावायचा मोह नको. तेव्हाच्या बायोसला त्यावरून बूट करता येत नाही. साटा एसएसडी घ्या.

वायफाय आणि पडदा

वायफायला इंटेलचं कार्ड असेल तर पुढे जा. फ्रीबीएसडी १४.३ पासून इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरला जुन्या ११जी वेगाच्या पुढचे एन आणि एसी वेग मिळाले, त्याआधी फारच रडतखडत चालायचं. ब्रॉडकॉमचं कार्ड असलेला लॅपटॉप मी ग्राहकाला घेऊ देत नाही. वायफायचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. एफडब्ल्यूगेट ही कमांड मशीनमध्ये काय आहे ते बघून नेमकं तेच आणते. पण आणायला नेट हवं आणि नेटला वायफाय हवं! अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, केएलडीलोड कमांडने आयएफ-अंडरस्कोअर-यूआरएनडीआयएस हे मॉड्यूल चढवा. यूई० नावाचं कार्ड उगवतं. त्यावर डीएचक्लायंट चालवलं की नेट सुरू.

सर्व्हरला ग्राफिक्स लागत नाही, हा भाग तुम्ही सोडलात तरी चालेल. डेस्कटॉप करायचा असेल तर डीआरएम-केमॉड हे पॅकेज घालायचं, इंटेलला आय९१५केएमएस, रेडिऑनला एएमडीजीपीयू किंवा जुन्या कार्डाला रेडिऑनकेएमएस. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कंपनीचाच येतो. आणि आपला युजर व्हिडिओ ग्रुपमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर सगळं बरोबर असून पडदा कासवासारखा हलतो. लॅपटॉप झाकण मिटून झोपवायचा असेल तर जुना थिंकपॅड बरा. अगदी नव्या लॅपटॉपची झोपायची पद्धत वेगळी आहे आणि तिथे अजून काम चालू आहे.

सिरियल पोर्ट: आमच्या एमआयडीसीचा खरा मुद्दा

जुन्या सीएनसीला प्रोग्रॅम आजही आरएस-२३२ ने जातो. नव्या पीसीला तो पोर्टच नसतो. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मागे नऊ पिनांचा पोर्ट आहे, आणि मी ते मॉडेल शोधतो त्याचं अर्धं कारण तेच. मागे पोर्ट नसेल तर यूएसबीची केबल. तिच्यात बहुधा तीनपैकी एक चिप असते: एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच३४०. तिन्हींना ड्रायव्हर आहेत: यूएफटीडीआय, यूपीएलकॉम, यूसीएचकॉम. विंडोजवर नव्या ड्रायव्हरने "कोड १०" म्हणून नाकारलेली जुनी प्रोलिफिक केबल फेकू नका. इथे ती गपगुमान चालते.

नावात मात्र एक गंमत आहे. बोर्डावरचा पोर्ट डेव्ह फोल्डरमध्ये सीयूएयू० असा येतो, त्यात यू लहान लिपीतला. यूएसबीच्या केबलच्या नावातही तीच अक्षरं, फक्त शेवटचा यू कॅपिटल. दोन्ही मशीनला असले की माणूस तासभर भलत्याच पोर्टवर प्रोग्रॅम पाठवत बसतो आणि कंट्रोलर ढिम्म.

जुन्या फानुक कंट्रोलरवर सेटिंग बहुधा ४८०० किंवा ९६०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. कंट्रोलरच्या पॅरामीटरमध्ये जे असेल तेच पीसीवर हवं. एसटीटीवाय ही कमांड पोर्टच्या नावापुढे टिंब आणि इनिट लावलेल्या डिव्हाइसवर चालवा: वेग, सीएस७, पीएआरईएनबी, उणे पीएआरओडीडी, सीएसटीओपीबी, आणि फ्लो कंट्रोलसाठी (समोरच्याने थांब म्हटलं की थांबायसाठी) आयएक्सऑन. नुसत्या पोर्टवर चालवलं तर पोर्ट बंद होताच सेटिंग पुसलं जातं; इनिटवर चालवलं तर दर वेळी पोर्ट उघडताना तेच लागू होतं. आयएक्सऑन लावायचं राहून गेलं की छोटा प्रोग्रॅम बिनबोभाट जातो आणि मोठा मध्येच तुटतो, कारण कंट्रोलर "थांब" म्हणतो आणि पीसीला ते कळत नाही. ऑपरेटर म्हणतो केबल खराब आहे. केबल धडधाकट असते.

डिस्क, लाइट, धूळ

फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) दोन: यूएफएस आणि झेडएफएस. रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल तर यूएफएस टाका आणि विषय संपवा. झेडएफएसला निदान १ जीबी लागते. पुढे दर एक टीबी डिस्कमागे १ जीबी असा ढोबळ हिशोब हँडबुकातच आहे. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू करायचं मनात आलं तर तोच हिशोब टीबीमागे ५ जीबीवर जातो, म्हणून वर्कशॉपच्या डब्यावर ते करूच नका. माझी नेहमीची मांडणी म्हणजे ८ जीबी रॅम, दोन सारख्या डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा), आणि ठरावीक दिवशी स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं. डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकची) नाही ना एवढं डेटाशीटमध्ये बघा. एक डिस्क बदलून मिरर पुन्हा भरायची वेळ आली की ती फार रडवते. जुनी डिस्क वापरणार असाल तर आधी स्मार्टमॉनटूल्स घालून रिअ‍ॅलोकेटेड सेक्टरचा (खराब होऊन बदललेल्या जागांचा) आकडा वाचा. तो वाढत असेल तर डिस्क परत.

लाइट जाणं इथे गृहीतच धरायचं. झेडएफएस त्यातून सहसा सहीसलामत उठतं, पण यूपीएस हवाच आणि त्याला यूएसबी पोर्ट हवा. आपल्याकडच्या स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसला तो बहुधा नसतो, म्हणजे बॅटरी संपत आल्याचं मशीनला कळायचा मार्गच नाही. पोर्ट असेल तर यूपीएसशी बोलणारं नट नावाचं पॅकेज घाला. भारतीय बाजारातले बरेच यूपीएस त्यातल्या एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स या ड्रायव्हरने बोलतात.

जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल पहिल्याच दिवशी बदला. सेल मेला की तारीख मागे जाते, आणि मग पॅकेज उतरवताना सर्टिफिकेट अजून वैध नाही अशी तक्रार येते. लोक नेटवर्क तपासत बसतात. ग्राइंडिंगच्या शेडमध्ये डबा ठेवणार असाल तर तो जमिनीवर नको. बिडाची काळी भुकटी पंख्यातून आत जाते, आणि ती वीज वाहणारी असते.

प्रिंटरबद्दल एवढंच: कॅनन एलबीपी२९०० आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्याची कॅप्ट भाषा इथे डोकेदुखी. एचपी १०२० ला दर वेळी चालू करताना फर्मवेअर पाजावं लागतं. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजणारा नेटवर्क प्रिंटर घ्या.

किती दिवस सांभाळतील

१४ पर्यंतच्या शाखेला पाच वर्षं सपोर्ट, १५ पासून चार. १४ चा शेवट नोव्हेंबर २०२८ मध्ये आहे. पण शाखा जिवंत म्हणजे तुमची आवृत्ती जिवंत असं नाही. पुढची पॉइंट आवृत्ती (१४.३ सारखी) आली की मागचीला साधारण तीन महिने मिळतात, तेवढ्यात सरकायचं. नव्याने बसवताना त्या आवृत्तीच्या हार्डवेअर नोट्स उघडा आणि पीसीआयकॉन्फमध्ये दिसलेल्या चिपचं नाव त्यात शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

सरकताना झेडएफएस असेल तर आधी बीईसीटीएल क्रिएट ही कमांड चालवून जुन्या सिस्टीमचं बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे परत बूट करता येईल अशी प्रत, करून ठेवा. ग्राफिक्सचं मॉड्यूल कर्नलशी (सिस्टीमच्या गाभ्याशी) बांधलेलं असतं, म्हणून अपग्रेडआधी आरसी कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधली, मॉड्यूल चढवणारी केएलडी लिस्टची ओळ बंद करा, नव्या कर्नलवर पॅकेज पुन्हा घालून मग चालू करा. आणि एवढं करूनही लॅन उठली नाही, तर बूटच्या मेन्यूत बूट एन्व्हायर्नमेंटचा पर्याय असतो; तिथून जुनं निवडा, पहिल्या पाळीचे ऑपरेटर यायच्या आत सर्व्हर होता तसा चालू होतो.