गावठी पिल्लू दत्तक घ्यायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की व्हॉट्सॲपवर पिल्लांचे फोटो फिरायला लागतात, आई गाडीखाली गेली, अर्जंट घर हवंय वगैरे. त्याला कारण आहे. भाद्रपदात कुत्र्यांचा काय गोंधळ चालतो ते आपल्याकडे सगळ्यांनाच माहितीये, तिथून साधारण 63 दिवस मोजा, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे पिल्लं व्हायला लागतात आणि ती दोन महिन्यांची होईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. या काळात संस्था आणि फॉस्टरवाले (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं तात्पुरती घरी सांभाळणारे) अक्षरशः भरून वाहत असतात. आणि खरं सांगू का, पहिल्यांदाच पाळणाऱ्यासाठी हाच सगळ्यात चांगला काळ आहे, कारण फटाके होऊन गेलेले असतात, पाऊस लांब असतो, आणि पुढची दिवाळी येईपर्यंत पिल्लू बऱ्यापैकी मोठं होऊन तुमच्या घरात रुळलेलं असतं. ऐन दिवाळीच्या आठवड्यात मात्र आणू नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

आता कुठून घ्यायचं. मुंबईत 1874 पासूनची परळची बॉम्बे एसपीसीए आहे, 1985 पासून काम करणारी वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आहे, पुण्यात रेस्क्यू ट्रस्ट आहे, गोव्यात आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू आहे, आणि याशिवाय प्रत्येक शहरात एकटे-दुकटे लोक असतात जे घरीच पिल्लं सांभाळून घरं शोधून देतात. संस्था मोठी की छोटी याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पिल्लू प्रत्यक्ष बघू देतात का, लसीचं पुस्तक दाखवतात का आणि तुम्हाला उलट प्रश्न विचारतात का याने. फेसबुकवर "लॅब्रॅडॉर फ्री, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा" असं दिसलं की सरळ पुढे जायचं, तिथे ना लॅब्रॅडॉर असतो ना ट्रान्सपोर्ट. खऱ्या ठिकाणी पिल्लू बहुतेक फुकटच मिळतं, फार तर लसींचा खर्च किंवा देणगी मागतात आणि त्याची पावती देतात.

आणि हो, रस्त्यावर आईजवळ खेळणारं पिल्लू गोड दिसलं म्हणून उचलून आणणं म्हणजे रेस्क्यू नाही. आई आसपास असेल तर दोन महिने होईपर्यंत तिच्याजवळच राहू द्या, हवं तर तिला खायला घाला. भावंडांशी मारामारी करतानाच पिल्लाला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे शिकायच्या आत उचललेलं पिल्लू पुढे तुमच्या हाताची चाळण करतं. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू कोणी देत असेल तर थांबा म्हणायचं, आई नसलेली पिल्लं हा अपवाद, पण ती सांभाळणं पहिल्यांदाच पाळणाऱ्याचं काम नाही. सुप्रीम कोर्टाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशातही रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायला महापालिकेकडे अर्ज करता येईल असं म्हटलंय, पण सोबत हेही आहे की कुत्रा परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

फॉर्म. इथे बरेच लोक चिडतात. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची लेखी परवानगी आहे का, घरात कोण कोण, कोणाला ॲलर्जी, दिवसभर घरी कोण असतं, बाल्कनीला जाळी आहे का, आधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं, वर आधार कार्ड आणि घर बघायला माणूस नाहीतर व्हिडिओ कॉल. "एक गावठी कुत्रं द्यायला किती नखरे" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. पण माझं म्हणणं उलट आहे, हा फॉर्म संस्थेसाठी नाहीच, तो तुमच्यासाठी आहे. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवा आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचा. सकाळी सहाला कोण उठणार? आई-बाबा "आम्हाला चालेल" म्हणतायत ते मनापासून की तुमचा हट्ट म्हणून? कारण दुपारी शू पुसणार तेच आहेत. गावाला जायचं झालं तर कोणाकडे ठेवणार? तीन वर्षांनी बंगलोरला नाहीतर बाहेरच्या देशात नोकरी लागली तर? गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतो. यातल्या एका जरी प्रश्नाला सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर फॉर्म भरू नका, त्यापेक्षा महिनाभर फॉस्टर करा, संस्थांना त्याचीही तेवढीच गरज असते आणि तुम्हालाही कळतं की आपल्याला झेपतंय का.

घर शाकाहारी असेल तर तेही आधीच बोलून घ्या. अंडंही चालणार नसेल तर डॉक्टरांना विचारून खाण्याचं ठरवा, नुसत्या दही-भातावर वाढतं पिल्लू उभं राहत नाही.

सोसायटीची भीती बहुतेकांना असते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात स्पष्ट आहे की सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत. त्याची प्रिंट काढून ठेवा, पण सेक्रेटरींच्या तोंडावर पहिल्याच दिवशी फेकू नका. आधी जाऊन सांगा की काका आम्ही पिल्लू आणतोय, लसी करणार, खाली पट्ट्याशिवाय सोडणार नाही, शी आम्ही उचलू. आणि खरंच उचला. महापालिकेचं लायसन्सही काढून ठेवा, लसीचं कार्ड लागतं त्याला, म्हणजे बोलायला कोणाला जागाच राहत नाही.

पिल्लू बघायला गेलात की पहिलं जे पळत येऊन बूट चावतं तेच "याने आम्हाला निवडलं" म्हणून उचलतात लोक. असू दे, पण थोडा वेळ बसा तिथे. डोळे स्वच्छ आहेत का, नाकातून काही येतंय का, हिरड्या गुलाबी आहेत का, पोट ढोलासारखं फुगलंय का (जंत), कानामागे आणि बोटांच्या मध्ये गोचीड आहेत का, केस गेलेले चट्टे आहेत का. जंत, गोचीड, खरूज यातलं काही असलं तरी नकार द्यायची गरज नाही, सगळं बरं होतं, फक्त माहिती असलेलं बरं. सुस्त पडलेलं, न खाणारं, उलट्या-जुलाब होत असलेलं पिल्लू असेल तर मात्र त्या दिवशी कुठलंच पिल्लू तिथून आणू नका, कारण तो पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा, पसरणारा उलट्या-जुलाबांचा आजार) असेल तर भावंडांनाही असू शकतो आणि तो दिसायला काही दिवस जातात. कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू दया येऊन घेऊ नका, घरात वेळ द्यायला माणूस असेल तर जरूर घ्या. आणि एक विनंती, काळी पिल्लं आणि माद्या सगळ्यात शेवटी उरतात. मादी नको म्हणण्याचं कारण विचारलं तर "पिल्लं होतील" हेच असतं, नसबंदी केली की तो विषयच संपतो, आणि ती तर नराचीही करायचीच आहे.

निघताना लसीचं पुस्तक घ्या आणि तिथेच उघडून बघा, प्रत्येक लसीसमोर तारीख, बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. सध्या काय खातंय, किती वेळा, जंताचं औषध कधी दिलं हे लिहून घ्या. ॲडॉप्शनच्या कागदावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचा. नसबंदी करणार, बांधून ठेवणार नाही, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, नाही जमलं तर संस्थेलाच परत करणार, अशा अटी असतात त्यात.

आणायचा दिवस शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ ठेवा म्हणजे दोन दिवस घरी कोणीतरी असेल. खरेदी फार लागत नाही, लोक उगाच हजारोंचा बेड घेतात आणि पिल्लू झोपतं पायपुसण्यावर. जुनी गोधडी, दोन जड भांडी, हलका पट्टा, चावायला दोन-तीन खेळणी आणि घरातली सगळी रद्दी, झालं. चार्जरच्या वायरी, उंदराचं औषध, फिनाईल, चपला, खालच्या कप्प्यातल्या गोळ्या वर उचला. बाल्कनीच्या ग्रिलमधून पिल्लाचं डोकं जातंय का बघा, डोकं गेलं की अंगही जातं.

पहिल्या रात्री ते रडणार. भावंडांच्या ढिगात झोपायची सवय असते, एकदम एकटं पडतं. स्वयंपाकघरात कोंडून "सवय होईल" म्हणू नका, तुमच्या पलंगाशेजारीच त्याची गोधडी टाका, हात खाली सोडला की शांत होतं. आणि पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची जत्रा भरवू नका.

खायला आठवडाभर तेच द्या जे आधी मिळत होतं, मग हळूहळू बदला. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं, चार महिन्यांच्या आसपास तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. दूध-पोळी हा आपला राष्ट्रीय पदार्थ आहे कुत्र्यांसाठी, आणि निम्मी पिल्लं त्यानेच पातळ शी करतात. मऊ भात, उकडलेलं बिनहाडाचं चिकन किंवा अंडं, लाल भोपळा, गाजर, वर थोडं दही, मीठ-मसाला काही नाही, हे बहुतेकांना मानवतं, रोज घरचंच द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या नाहीतर चांगलं पपी फूड द्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे अजिबात नाही, म्हणजे प्रसादाचा शिराही नाही. शिजवलेली हाडं नाही. माणसांच्या तापाच्या गोळ्या तर नाहीच नाही.

दोन दिवसांत डॉक्टरांकडे नेऊन आणा. पहिली लस साधारण 6 ते 8 आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी 16 आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, आपल्याकडे दरवर्षी देतात. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या बागेत किंवा जिथे बाकीची कुत्री शी-शू करतात तिथे खाली सोडायचं नाही, पार्व्होचा व्हायरस मातीत आणि फरशीवर महिनोन् महिने टिकतो. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू पार्व्होने गेलं असेल तर हे संस्थेला आधी सांगा आणि लसी पूर्ण झालेलाच कुत्रा आणा. पण म्हणून चार महिने घरात डांबूनही ठेवू नका, कारण साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे दिसतं ऐकू येतं त्याची भीती पुढे कमी वाटते. कडेवर घेऊन फिरवा की, रिक्षा, बस, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची आरोळी, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं लांबून दाखवा.

उलट्या, रक्ताची शी, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पार्व्होमध्ये एक रात्रही फार मोठी असते.

चावण्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. दुधाचे दात सुईसारखे असतात आणि खेळता खेळता रक्त निघतंच. पिल्लाला रेबीजची लस अजून झाली नसेल आणि दात किंवा नख लागलं, विशेषतः लहान मुलांना, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. "घरातलंच पिल्लू आहे" हा युक्तिवाद रेबीजपुढे चालत नाही.

शी-शूचं सोपं आहे, फक्त कंटाळवाणं आहे. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच उचलून बाल्कनीतल्या पेपरवर न्यायचं आणि तिथे केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊचा तुकडा. भलतीकडे केलं तर गपचूप पुसायचं. नाक घासणं, चापट मारणं याने ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे सापडतं. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा तीन-चार तासांच्या वर धरू शकत नाही, त्यामुळे सगळे सकाळी नऊला बाहेर आणि संध्याकाळी सातला घरी असं घर असेल तर पिल्लू घेऊच नका, दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा घ्या. संस्थेत असे शहाणे कुत्रे पडून असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

पैशाचं म्हणाल तर पिल्लू फुकट असलं तरी खाणं, औषधं, गोचीडाची गोळी धरून महिन्याला दोन-अडीच हजार धरूनच चला, आणि आजारपणासाठी थोडे बाजूला. नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर, नक्की कधी ते डॉक्टर ठरवतील, बऱ्याच संस्था स्वतः किंवा कमी पैशात करून देतात, विचारायला लाजू नका.

आणि समजा सगळं करूनही नाहीच जमलं, कोणाला दम्याचा त्रास सुरू झाला, बदली झाली, तर पहिला फोन संस्थेला करा, तेही पंधरा-वीस दिवस हातात ठेवून, कारण त्यांनाही जागा करावी लागते. शेतावर सोडून देऊ, तिथे मजेत राहील, असं कोणी सुचवेल. घरात वाढलेल्या कुत्र्याला ना शेत माहिती असतं ना तिथली टोळी. प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड फक्त 10 ते 50 रुपये, त्यामुळे कायद्याला कोणी घाबरत नाही ही गोष्ट वेगळी.

संस्थेवाले अधूनमधून फोटो मागतील, तेवढे पाठवत जा.