पावसाळी ट्रेकचे कपडे: कापड कसं पारखावं

कळसूबाईच्या पायथ्याला, बारी गावात, घामाच्या धारा लागतात आणि 1646 मीटरच्या माथ्यावर त्याच सकाळी दात वाजतात. उंचीमुळे तापमान 5-6 अंशच उतरतं. खरा गारठा ओल्या कपड्यांवर आदळणाऱ्या वाऱ्याचा. त्यामुळे जुलैच्या सह्याद्रीत कोरडं राहायचा हट्ट सोडा. अंगावरचं कापड भिजूनही फार गार पडू नये आणि सॅकमधला एक जोड काही झालं तरी कोरडा राहावा, एवढं बघा.

सुरुवात टी-शर्टपासून. सुती धागा पाणी आतपर्यंत पितो, म्हणून तासन्‌तास ओला राहतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही; ते धाग्यांच्या मधे अडकतं आणि वाऱ्याने सुकतं. लेबलवर 100 टक्के पॉलिएस्टर आणि 120 ते 150 जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असेल तर घ्या. ट्रेकआधी घरी बादलीत बुडवून, पिळून पंख्याखाली टांगा. दोन तासांनंतरही काखेच्या शिवणी ओलसर लागल्या, तर तो घरीच वापरा. मेरिनो लोकर घामाने कमी कुबट होते, पण एका दिवसाच्या ट्रेकला तेवढे पैसे घालायची गरज नाही. (एप्रिलच्या कोरड्या उन्हात मात्र सुती सदराच बरा, तिथे ओलावा टिकलेला हवाच असतो.)

पँट नायलॉनची, थोडं स्पँडेक्स (ताणला जाणारा धागा) असलेली घ्या. जीन्स भिजली की जड होते, गुडघ्याला चिकटते आणि मांड्या सोलवटून काढते. पातळ ट्रॅकपँट लवकर वाळते, पण कातळावर बसून घसरत उतरताना बुडाशी फाटते.

जॅकेटवर दुकानदार 5000, 10000 असे आकडे दाखवतो. किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, ते हे आकडे सांगतात. शिवणींबद्दल काहीच सांगत नाहीत. जॅकेट उलटं करा, प्रत्येक शिवणीवर आतून टेप आहे का पाहा. ‘ब्रीदेबल’ कापडातून वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते. आपल्याकडे ढगातच चालायचं असतं, मग घामाच्या वाफेचं आतच पाणी होतं आणि लोक म्हणतात जॅकेट गळतंय. काखेत चेन असलेलं साधं जॅकेट इथे जास्त कामाचं. पोंचो राजमाचीच्या रुंद वाटेवर छान. डोंगराच्या अरुंद धारेवर मात्र तो वाऱ्याने तोंडावर येतो आणि पाऊल कुठे टाकतोय ते दिसत नाही.

चढताना जॅकेट शक्यतो सॅकमध्येच ठेवा. पहिली पंधरा मिनिटं थोडं गार वाटलं तरी चालेल. माथ्यावर थांबताक्षणी, कुडकुडायची वाट न पाहता, पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार पॉलिएस्टर) आणि त्यावर जॅकेट चढवा. पिसांचं जॅकेट इथे नको, भिजलं की पिसांचे गोळे होतात.

सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडून पाणी उतरतं आणि तळाशी साचतं. आतून जाड प्लास्टिकची पिशवी लावा, तोंड पिळून दुमडा. त्यात टी-शर्ट, पँट, आतले कपडे आणि मोजे ठेवा. गुहेत मुक्काम असेल तर हा जोड फक्त झोपताना घालायचा. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायचे. जिवावर येतं, पण दहा मिनिटं चाललं की अंग तापतं.

घरी आल्यावर साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याचा थर बसला की टी-शर्ट घाम ओढत नाही आणि जॅकेटवरचं पाणी थेंबांनी ओघळण्याऐवजी पसरतं.