जुन्या ट्रकला कोणतं ऑइल? बादली उचलण्याआधी एवढं वाचा

आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एके काळी दारासमोर तुळशीवृंदावन आणि अंगणाच्या कडेला टिपर, हे अनेक घरांचं चित्र होतं. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्ये थोड्या हलल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. कितीतरी ट्रक विकले गेले, कितीतरी भंगारात गेले. जे उरले ते आज चिरे ओढतात, रेती ओढतात, बांधकामाचा माल चोर्ला घाटातून वर-खाली करतात. आमचा ट्रकही त्यांतलाच. हे लिहितोय ते असा ट्रक सांभाळणाऱ्यांसाठी. इंजिन वीस-पंचवीस वर्षांचं, नव्या गाड्यांसारखी युरियाची टाकी नाही, सायलेन्सरमध्ये फिल्टर नाही, पण अजून भार घेतं.

दुकानात जाऊन ‘पात्रांव, ट्रकाचें ऑइल आसा?’ एवढंच विचारलं तर दुकानदार हाताशी असेल ती बादली पुढे सरकवणार. त्यात त्याची चूक नाही. कोणतं हवंय ते आपणच ठरवून जायचं असतं.

पायरी 1: आधी इंजिन बघा

ट्रक एक फेरी मारून आला की इंजिन चालूच ठेवा आणि आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, ऑइल प्रेशरचा काटा कुठे राहतो ते बघा. थंड इंजिनवर सगळ्यांचाच काटा वर असतो, खरं काय ते गरम झाल्यावर कळतं. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपकडे बघा. तिथून जोरात धूर फेकला जात असेल तर रिंग-पिस्टन झिजलेत. सायलेन्सरचा धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, काळा असेल तर तो डिझेलचा मामला आहे, त्याला ऑइल बदलून फरक पडणार नाही. पावसाळ्यात सकाळी पहिली पाच मिनिटं पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही पांढरं येत राहिलं आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर ऑइलच्या दुकानाआधी हेड गॅस्केटसाठी गॅरेज गाठा.

ऑइलची दांडी काढून एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर टाका आणि दोन-तीन तास राहू द्या. मधला डाग काळा आणि त्याच्याभोवती करडं वर्तुळ हळूहळू फिकट होत गेलेलं दिसलं, तर ऑइलमध्ये अजून दम आहे. काजळी मधोमध गोळा होऊन तिची कड सुरीने कापल्यासारखी उमटली, तर ऑइलची काजळी धरून ठेवायची ताकद संपली. कड फाटल्यासारखी वेडीवाकडी आली तर पाणी मिसळल्याची शंका घ्या. नुसता काळा रंग मात्र दोष नव्हे. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी पोटात घेणं हेच त्याचं काम. ‘ऑइल काळं झालं’ म्हणून दर महिन्याला बदलणारे एक गृहस्थ आमच्या वाड्यावर होते. त्यांचं इंजिन ठणठणीत राहिलं, खिसा मात्र नाही.

पायरी 2: आकड्यांचा अर्थ लावा

डब्यावर 15डब्ल्यू-40 लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, आणि 15डब्ल्यूची थंडीत इंजिन फिरवायची चाचणी शून्याखाली 20 अंशांवर होते. सत्तरीच्या डोंगरातली पौषातली पहाटही याच्या आसपास जात नाही. म्हणून गोव्यात 15डब्ल्यू की 20डब्ल्यू यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. एकच गोष्ट, 15डब्ल्यू सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरच्या टॅपेटपर्यंत थोडं लवकर पोचतं, म्हणून मी तेच घेतो.

दुसरा आकडा महत्त्वाचा. 40 म्हणजे 100 अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक या पट्ट्यात राहतो. 50 म्हणजे 16.3 ते 21.9. कंपनीने 40 सांगितलं असेल आणि गरम आयडलला प्रेशर ठीक असेल, तर 40च घाला. काटा पडत असेल तर 20डब्ल्यू-50 घालून काही महिने निघतात, पण बेअरिंग झिजलंय हे सत्य त्याने बदलत नाही. इंजिन उघडायचे पैसे जमेपर्यंतची ती सोय समजा.

इथे एक सापळा आहे. 20डब्ल्यू-40 आणि 15डब्ल्यू-50 हे आकडे मोटारसायकलच्या डब्यांवरही असतात. आकडा जुळला म्हणून बुलेटचं ऑइल ट्रकला चालत नाही. त्यासाठी पुढची अक्षरं वाचावी लागतात.

पायरी 3: अक्षरं वाचा, खरी गोष्ट तिथेच आहे

डब्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘एपीआय’ (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) आणि त्यापुढे सीएफ-4, सीएच-4, सीआय-4 असं काहीतरी असतं. ‘सी’ने सुरू होणारी ऑइलं डिझेलची, ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. कधी सीआय-4/एसएल अशी जोडीही दिसते. अशा वेळी जे आधी लिहिलंय ते ऑइलचं मुख्य काम.

सीएफ-4 हा दर्जा 1990 सालचा, सीएच-4 1998चा, सीआय-4 2002चा, सीजे-4 2006चा, आणि सीके-4 2016चा. सीआय-4 हे सीएच-4, सीजी-4, सीएफ-4 या सगळ्यांच्या जागी चालतं. म्हणजे जुन्या पुस्तिकेत सीएफ-4 लिहिलं असेल तर सीआय-4 निःशंक घ्या. ते काजळी जास्त चांगली सांभाळतं आणि ट्रकवाल्यांच्या दुकानांत सहज मिळतं.

मग सर्वात नवं सीके-4च का नको? चालतं, बिघडत काही नाही. पण त्यात ऑइल जळल्यावर उरणारी राख कमी ठेवण्याचं बंधन आहे, आणि ते आहे नव्या गाड्यांच्या धुराड्यातला फिल्टर तुंबू नये म्हणून. आपल्या ट्रकला तो फिल्टरच नाही. नसलेल्या दाराला कुलूप कशाला घ्यायचं? सीआय-4 आणि सीके-4च्या दरात फरक फारसा नसेल तर गोष्ट वेगळी. 2016 मध्येच आलेलं एफए-4 मात्र जुन्या इंजिनात अजिबात घालू नका. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं, खास नव्या इंजिनांसाठीचं ऑइल आहे आणि मागच्या दर्जांच्या जागी चालत नाही.

एक चांगली बातमीही सांगतो. एप्रिल 2020पासून पंपावर बीएस-6 डिझेल मिळतं, त्यात गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखांत 10 भाग) आत. बीएस-3च्या काळात ही मर्यादा 350 होती. गंधकापासून इंजिनात आम्ल तयार होतं आणि ते मारण्यात ऑइलची ताकद खर्च होते. तो खर्च आता पुष्कळ कमी झालाय. म्हणजे ट्रक जुना असला तरी ऑइलवरचा एक भार आपोआप उतरला. आमच्या भागात ऑइलचा खरा शत्रू आता तांबडी धूळ.

धुळीचा विषय इथेच संपवतो

बऱ्याच जुन्या ट्रकांना ऑइल बाथचा एअर क्लीनर असतो. खाली वाटी, त्यात ऑइल, वर जाळी. खनिजाची किंवा चिरेखाणीची धूळ या वाटीत बसते. वाटीत चिखल झाला की धूळ सरळ सिलिंडरमध्ये शिरते आणि लायनर घासते. मग तुम्ही कितीही भारी ऑइल घाला. वाटीचं ऑइलही खरेदीच्या हिशेबात धरा. आमच्या काकांची सवय होती, उन्हाळ्यात दर रविवारी वाटी काढून बोट घालायची. तळाला मऊ गाळ बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत लागला की बदली.

पायरी 4: मिनरल की सिंथेटिक?

माझं मत स्पष्ट आहे. पूर्वी मिनरलवर चाललेल्या, आत गाळ साठलेल्या इंजिनाला चांगलं मिनरल सीआय-4 पुरे. सिंथेटिक वाईट नाही, आणि ते सील खातं ही गोष्टही आजच्या ऑइलना लागू नाही. पण जुन्या इंजिनात काही ठिकाणी गाळानेच गळती अडवून धरलेली असते. साफ करणारं ऑइल गेलं की गाळ सुटतो, सीलमधून ठिबकायला लागतं आणि दोष ऑइलवर येतो. नुकतंच इंजिनकाम झालं असेल, आत सगळं स्वच्छ असेल, तर सेमी-सिंथेटिकचा विचार करा. इंजिन फ्लशच्या बाटल्या आणि ‘धूर बंद’ची जादूई औषधं यांना माझ्या गाडीत जागा नाही. गाळ कमी करायचा असेल तर पुढच्या दोन बदल्या अर्ध्या अंतरावर करा. सावकाश निघतो, पण सुखरूप निघतो.

वर्षानुवर्षं उभा राहिलेला ट्रक रस्त्यावर काढताय? मीटर एक किलोमीटरही हललेला नसला तरी जुनं ऑइल काढून टाका. आपल्या दमट हवेत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, पाणी साठतं. पहिली बदली स्वस्तातल्या सीआय-4ने, फिल्टरसकट. थोडे दिवस चालवून ते काढा आणि मग कायमचं घाला.

पायरी 5: किती घ्यायचं

आपल्या मॉडेलला चेंबर आणि फिल्टर मिळून किती लिटर लागतं ते पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर मेस्त्रीला विचारा आणि या वेळी निघालेलं ऑइल मापात मोजून वहीत टिपून ठेवा. वर दोन लिटर टॉप-अपला, एअर क्लीनरची वाटी वेगळी.

एका-दोन ट्रकांसाठी 210 लिटरचं बॅरल घेऊ नका. लिटरमागे स्वस्त पडतं खरं, पण ते मृगापासून पुढे पावसात उभं राहतं. झाकणावर पाणी साचतं, दिवसा बॅरल तापतं, सरीने गार होतं आणि आत ओढ लागून बुचाच्या आट्यांतून पाणी शिरतं. ठेवायचंच असेल तर आडवं, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, छपराखाली ठेवा. त्यापेक्षा 20 लिटरची बादली बरी.

पायरी 6: दुकानात

साखळी, डिचोली, फोंडा, म्हापसा, मडगाव, कुडचडे, कुठेही जा, सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल यांतलं काही ना काही मिळतं. एपीआय दर्जा आणि ग्रेड तोच असेल तर ब्रँडवरून भांडण्यात हशील नाही. माल नेहमीचा हवा आणि दुकान ओळखीचं हवं.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. हायवेच्या कडेला एका दुकानात नेहमीची बादली बरीच स्वस्त मिळाली. झाकणाची कडी नवी, लेबल चकचकीत. बुच फिरवलं तर आतली चांदीसारखी पन्नी नाही. ‘कधी कधी येत नाही,’ असं मला सांगितलं, आणि मी मान डोलावली! चार दिवसांनी चोर्ल्याच्या चढावर, भरलेल्या गाडीत, प्रेशरचा काटा एकेक रेघ खाली उतरू लागला. वळणावर गाडी बाजूला घेऊन दांडी काढली तर ऑइल बोटांत धरवेना, पाण्यासारखं पातळ. इंजिन वाचलं ते नशिबाने. स्वस्ताईचे पैसे मात्र टो-गाडीने वसूल केले.

तेव्हापासून काउंटरवरच बघतो. बादलीवर छापलेला बॅच नंबर आणि तारीख पुसट किंवा खरवडलेली नाही ना, बुचाखालची पन्नी शाबूत आहे ना, क्यूआर कोड असेल तर स्कॅन होतो का. ऑइल बोटावर घेऊन वास घ्या, रॉकेलचा वास येता कामा नये. जीएसटी नंबरासह छापील बिल मागा. बिल द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून फार तर पुसायचं फडकं घ्यावं. बॅरलमधून मापाने मिळणारं सुटं ऑइल गवत कापायच्या यंत्रालाही घालू नका.

फिल्टर त्याच फेरीत घ्या. जुना फिल्टर ठेवून नवं ऑइल घालणं म्हणजे आंघोळ करून मळके कपडे चढवणं.

पायरी 7: घालताना आणि नंतर

इंजिन कोमट असताना चेंबर नट सोडा, वॉशर नवा घाला. फिल्टर उभा बसणारा असेल तर बसवण्याआधी त्यात ऑइल भरा, म्हणजे पहिल्या स्टार्टला बेअरिंग कोरडी फिरत नाहीत. दांडीवर वरच्या खुणेपर्यंत, पलीकडे नाही. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतं आणि फेस होतो.

तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि बॅच वहीत लिहा. टिपरच्या बाबतीत नुसत्या किलोमीटरवर विसंबू नका. लोडिंगच्या रांगेत इंजिन तासभर फुकट चालतं आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. तासाच्या आयडलिंगला 40 किलोमीटर धरायचे, हा एक ढोबळ हिशेब. आमच्याकडे एक बदली मे अखेरीस पावसाआधी ठरलेली, आणि एक दसऱ्याच्या आदल्या दिवशी, माळ घालण्याआधी.

निघालेलं काळं ऑइल कुळागराच्या कडेला ओतायची, कुंपणाच्या खांबांना फासायची जुनी सवय सोडा. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पावसात ते जाणार कुठे? वाळवंटी नदीत, नाहीतर आपल्याच विहिरीत. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

रिकामी बादली भंगारवाल्याला साबूत देऊ नका, तीच उद्या बनावट ऑइल भरून दुकानात परत येते. आम्ही लेबल फाडतो आणि बुडाला खिळ्याने चार भोकं पाडतो. अंगणात अशा तीन बादल्या आहेत. साबणाने खसखसून धुऊन आईने त्यांत आबोली लावली, भोकं तिला आयतीच मिळाली.