जुनी ऑटोमॅटिक गाडी मधेच जोर सोडते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

धामनोदहून इंदूरला येताना घाटात भरलेल्या गाडीने जोर सोडला की दुसऱ्या दिवशी मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देतो: "गिअरबॉक्स गया." जुनी ऑटोमॅटिक म्हटली की खापर गिअरबॉक्सवरच फुटतं. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मीटरमधल्या आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे किती फेरे) काट्याकडे न बघणं. जोर गेला त्या क्षणी एक्सलेटर दाबल्यावर काटा सरसर वर चढतोय आणि गाडी मात्र रेंगाळतेय, तर गिअरबॉक्स घसरतोय. काटाच वर जायला तयार नसेल तर इंजिन कमी पडतंय. पेट्रोल, स्पार्क किंवा हवा यांपैकी काहीतरी तपासा. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा. मिस्त्रीशी वाद घालायची वेळच येत नाही.

एक प्रकार मात्र फसवा आहे. सिग्नलवरून उठताना गाडी जड, वेग धरल्यावर ठीक, आणि बंद करून पुन्हा चालू केली की एकदम टकाटक. हा बहुधा लिंप मोड. सेन्सरकडून येणाऱ्या विजेच्या संदेशात गडबड दिसली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर बचावासाठी एकाच गिअरमध्ये अडकून राहतो. चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत तिसऱ्यात. "आपोआप सुधारली" म्हणून लोक सोडून देतात. कारण कधीकधी अगदी फुटकळ निघतं: बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला हिरवट-पांढरा थर, नाहीतर अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी, गंजलेली पट्टी. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि एसी लावून मल्टीमीटरने बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. ०.२ व्होल्टहून जास्त फरक आला तर आधी ती पट्टी बदला.

चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या कोडसोबत त्या वेळचा वेग, आरपीएम आणि इंजिनचं तापमानही साठवलेलं असू शकतं, ते सगळं पुसलं जातं. दिवा लागला नसला तरी स्कॅनरवर पेंडिंग कोड (दिसलेला, पण अजून पक्का न झालेला बिघाड) बघायला सांगा.

सकाळी थंड गाडी गॅरेजला टाकून संध्याकाळी "काही सापडलं नाही" ऐकण्यात अर्थ नाही. क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) आणि इग्निशन कॉइल (स्पार्क देणारी) बऱ्याचदा तापल्यावरच दगा देतात, थंड झाले की शहाण्यासारखे वागतात. फ्युएल प्रेशरचंही तसंच: उभ्या गाडीत बरोबर, चढावर पडलेलं. म्हणून गेज लावून, गाडी तापवून, लोडवर म्हणजे इंजिनवर ताण असताना मोजा. प्रेशर पडत असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे सतत रिझर्व्हवर फिरवायची सवय त्याच्या मुळावर येते. प्रेशर ठीक असूनही जास्त आरपीएमला गाडीचा दम कोंडत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) तुंबल्याचा संशय घ्या.

काटा चढून गिअरबॉक्स घसरत असेल तरच त्याच्या तेलाकडे या. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) असेल तर तिच्यावरचा तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेट झिजल्यात. पातळी कशी बघायची ते मॅन्युअलमध्ये वाचा. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून बघतात, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र बंद करून लगेच. सीव्हीटीत (दात्यांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतू नका, त्याचं तेल वेगळं असतं. आणि इतकी झिजलेली गाडी असेल तर मशीनने प्रेशर फ्लश मी तरी करू देणार नाही. तेल काढून नवं भरायचं, तेवढंच.