पाळीव कासवांतील प्रतिरोधक साल्मोनेला : या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी घरोघरी पाळल्या जाणाऱ्या लाल-कानी कासवांतील, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या साल्मोनेला या रोगकारक जीवाणूचा विषय घेतला. पहिल्या खेपेचे सगळे स्वॅब निगेटिव्ह आले आणि ही कासवे निर्दोष असल्याची नोंद मी करून टाकली. साल्मोनेला विष्ठेतून सतत नव्हे, तर अधूनमधून बाहेर पडतो, हे मार्गदर्शकांनी लक्षात आणून दिल्यावर त्याच कासवांचे आठवड्याच्या अंतराने पुन्हा नमुने घेतले, टाकीतले पाणीही तपासले आणि तेव्हा कुठे जीवाणू हाती लागला.

नवख्याने अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील कासवपालनाचा इतिहास आधी समजून घ्यावा. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यात मात्र चालू राहिली. पिल्ले जंतुमुक्त निघावीत म्हणून तेथे अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवली जात आणि औषध कवचातून आत शिरावे यासाठी दाबातील फरकाचा उपयोग केला जाई. उपाय काही काळ गुणकारी वाटला, पण पुढे परदेशी पोहोचलेल्या पिल्लांत जेंटामायसिनलाच दाद न देणारा साल्मोनेला आढळला. माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे.

प्रयोगशाळेत एक्सएलडी आगर या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर साल्मोनेलाच्या काळ्या मध्याच्या लाल कॉलन्या (जीवाणूंचे पुंजके) शोधण्याची सवय लागते. पण सरपटणाऱ्या प्राण्यांत आढळणाऱ्या साल्मोनेलाच्या डायअ‍ॅरिझोनीसारख्या उपजातींचे काही स्ट्रेन (वाण) लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवतात व पिवळे दिसतात. अशा प्लेटा मी सुरुवातीला फेकून दिल्या होत्या. डिस्क चाचणीसाठी, म्हणजे प्रतिजैविकाच्या चकतीभोवती वाढ थांबते का हे पाहण्यासाठी, जीवाणूंचे मिश्रण ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या ठरावीक मानकाशी ताडून घ्यावे, कारण ते दाट झाले तर डिस्कभोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ आक्रसते आणि संवेदनशील जीवाणूही प्रतिरोधक ठरतो. सोबत मॉर्गनेला हा दुसरा जीवाणू वाढला, तर त्याचा अँपिसिलिन या प्रतिजैविकाला असलेला प्रतिरोध उपजत आहे, हे ध्यानात ठेवावे.

एका घरी मालकांनी टाकीखालच्या खणातून डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची अर्धी संपलेली स्ट्रिप काढून दाखवली. कासवाचे डोळे सुजले की ते कॅप्सूल फोडून पाण्यात टाकत. अशी सूज अनेकदा आहारातील अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे येते व तिथे प्रतिजैविकाने मूळ दुखणे हटत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत ‘आधी दिलेली औषधे’ हा रकाना स्वॅबच्या क्रमांकाच्याही आधी येतो.